पाटी पुसणारे काका

आमच्या घरमालकांच्या खिशात कायम एक ओलं फडकं असायचं. रुमाल नव्हे, फडकंच. एसटीत नोकरीला असतानाची खाकी पँट फाटल्यावर तिच्या एका पायाचं त्यांनी ते केलं होतं. ते वाळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि पिशवीसकट खिशात ठेवायचं. पिशवी कुठंतरी गळायचीच. त्यामुळं सदऱ्याचा उजवा खिसा बारा महिने ओला. काकू म्हणायच्या, "ह्या माणसाला ताप आला तर त्यो खिशातनंच येनार बगा."

हे फडकं घेऊन ते रोज सकाळी कुपवाडच्या एमआयडीसीत जायचे आणि कारखान्यांच्या फाटकांवरच्या पाट्या पुसायचे. 'टर्नर पाहिजेत', 'पॅकिंगसाठी महिला पाहिजेत' असल्या पाट्या. पण सरसकट नाही हं! आधी वॉचमनला विचारायचं, "जागा हाय का अजून?" हाय म्हटला की पाटी वाचून पुढं. भरली म्हटला की हात खिशात. वॉचमन 'अवं, अवं' करीपर्यंत पाटी काळी कुळकुळीत. कागद चिकटवलेला असला तर तो आधी भिजवायचा, मग नखानं सोलायचा, आणि तो लगदा घरी आणून अंगणातल्या कर्दळीच्या मुळात घालायचा. काका जाऊन आता वर्ष होईल. कर्दळ अजून जोरात आहे.

मी त्यांची भाडेकरू, वरच्या खोलीतली. खोली बघायला गेले तेव्हा नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाले, "सकाळची पैली गाडी चुकली तर काय करतीस?"

मी म्हटलं, "दुसरीनं जाते."

"आन् दुसरी रद्द झाली तर?"

मी उन्हातनं आले होते, वैतागले. "मग चालत जाते!"

"सामान घिऊन ये," म्हणाले आणि आत गेले.

नोकरीत ते वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेल्या ज्या माणसाला आपण "गाडी आली का हो?" विचारतो आणि जो मान वर न करता "गेली" म्हणतो, तो माणूस. खिडकीशेजारी काळा फळा, त्यावर खडूनं वेळा लिहिलेल्या. गाडी रद्द झाली की ती ओळ पुसायची. सातारा-सांगलीतल्या पाच-सहा स्टँडांवर त्यांनी उभी हयात हे काम केलं. निवृत्त झाल्यावर जगात उरलेले फळे पुसायला निघाले, असं काकूंचं म्हणणं. स्वयंपाकघरातही एक पाटी होती. काकूंनी तिच्यावर 'दूध एक लिटर जादा' असं लिहिलेलं, ह्यांनी कालचं समजून पुसलं आणि पाहुण्यांना काळा चहा मिळाला. त्या दिवशी काकू जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही.

फोनवरही तेच. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी 'भरती सुरू, त्वरा करा' असं काही पाठवलं की ह्यांचा एका शब्दाचा जबाब, 'तारीख?' पाठवणाऱ्याला तारीख कुठनं माहीत असणार? त्याला कुणीतरी पाठवलं, त्यानं पुढं ढकललं. काका परत विचारणार, 'तारीख?' तिसऱ्यांदा विचारलं की ग्रुपमधनं काढून टाकायचे. मी राहायला गेले तोवर त्यांना सासरच्या, भावकीच्या आणि शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपांतनं काढलेलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मी जत तालुक्यातली. कर्नाटकाच्या हद्दीला खेटून आमचं गाव. बी.कॉम. होऊन सांगलीला नोकरी शोधायला आले तेव्हा बाबांनी वर्षाची मुदत दिली होती. वर्षात लागली तर लागली, नाहीतर पुढच्या पाडव्याला परत. परत गेले असते तर उपाशी मेले नसते. मेंढरं होती, पाऊस झाला तर ज्वारी होती, टँकर आला की रांग धरायला माणूस लागतंच. लग्नही झालं असतं, आणि लग्नाला माझी ना नव्हती. पण 'सांगलीला जाऊन आली, काही जमलं नाही' असं म्हणवून घेत मांडवात उभं राहायचं नव्हतं मला. शिवाय बी.कॉम. होऊन गावाबाहेर पडलेली मी पहिली मुलगी. मी तशीच परतले असते तर दुसरीला कुणी पाठवलंच नसतं.

बेकारी म्हणजे काय, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभं राहून सांगितलं. "गाडी बी हाय, मानूस बी हाय. फलाट चुकलाय."

मला वाटलं, ह्यांना बोलायला काय जातंय, पेन्शन चालू आहे. मी म्हटलं, "काका, गाड्याच नाहीत हो."

"हायत. तुला दिसंनात. आन् ज्या दिसत्यात त्या गेलेल्या हायत."

हे मात्र खरं होतं. मैत्रिणीनं पाठवलेली जाहिरात घेऊन मी पलूसला जावं आणि तिथल्या माणसानं "ती कवाच भरली की" म्हणावं. इस्लामपूरला तेच, तासगावला तेच. दिवस जायचा, पाय दुखायचे, आणि संध्याकाळी घरी फोन करून "बघतेय, होईल" म्हणायचं. सात-आठ महिने मी असं 'होईल' म्हणत काढले. शेवटी शेवटी आई "काय झालं?" विचारायचीच बंद झाली. ते जास्त लागायचं.

माझा बायोडाटा त्यांनी एकदा मागून घेतला. चष्मा कपाळावर चढवून वाचला. 'कष्टाळू स्वभाव', 'वाचनाची आवड' वगैरे होतं त्यात, सगळ्यांच्या असतं तसं. म्हणाले, "समदं बरुबर हाय. पर ह्यात तू कुठं हायस?"

मी कागद ओढून घेतला.

आणि मग एके दिवशी मी गच्चीत उभी राहून फोनवर आईशी भांडत होते. आमच्या घरात अर्धं मराठी, अर्धं कन्नड, पण भांडण पूर्ण कन्नडमधून. खाली उतरले तर काका जिन्यातच उभे.

"हे कुठं लिवलंय?"

"काय?"

"हे आत्ता जे बोलत हुतीस."

"ते काय लिहायचं, काका? ते घरचं आहे."

"घरचंच लिवायचं असतंय. बाहेरचं समद्यांचं सारखंच हाय." आणि त्यांनी माझ्या बायोडाटाच्या तळाला पेननं लिहिलं, 'कन्नड, भांडण्याइतपत.' मी ते खोडून 'उत्तम' केलं. पण खरं सांगते, तोपर्यंत ती भाषा येते हे लिहायचं असतं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उलट कॉलेजात मी ती लपवायची.

ह्या पाट्या पुसण्याचं मूळ मी त्यांना एकदा चिडूनच विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय पडलंय एवढं? लिहिणारा लिहितो, बघणारा बघतो." तेव्हा त्यांनी कोयनानगरच्या एका तरण्या माणसाची गोष्ट सांगितली.

तेव्हा काका एका तालुक्याच्या स्टँडवर होते. घाटात दरड आली म्हणून सकाळची एक गाडी रद्द झाली. फळ्यावरची ओळ पुसायला उठले आणि तेवढ्यात चहा आला. चहा प्याले आणि विसरले. तो माणूस कोयनानगरहून आधीच खाली उतरून आला होता, त्याला तीच गाडी धरून पुढं मुलाखतीला जायचं होतं. फळ्यावर वेळ लिहिलेली, म्हणून तो बाकावर बसून राहिला.

"त्यानं विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"शिकल्याला हुता म्हनून. अडानी मानूस धा येळा विचारतो. ह्यानं वाचलं आन् इस्वास ठेवला." काका म्हणाले. "दुपारी खिडकीशी आला. हातात मुलाखतीचं पत्र. मला म्हनतो, सायेब, आता गेलं तर चालंल का? मला इचारतोय! जसं काय मीच मुलाखत घेनार हुतो."

"मग?"

"मग काय. उलट्या गाडीनं घरला गेला. खडूची एक वळ पुसली असती तर दुसरी गाडी हुती त्याला, विट्यावरनं." एवढं सांगून ते उठले आणि फडकं धुवायला नळावर गेले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय ते सांगते.

पाडव्याला सव्वा महिना राहिला होता. आमच्या गावचे एक द्राक्षबागायतदार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, बेदाणा ठेवायला कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजला आले होते. मला बाजारात भेटले. म्हणाले, "अगं पोरी, तितं हापिसात मानूस पायजे हुतं, हिशेब समजनारं आन् कन्नड येनारं. अथणी-विजापूरकडनं समदे शेतकरी येत्यात, ह्यांना त्यांचं काय कळत न्हाई. मालक म्हनले पाटी लावतो. आठवडाभर कुनी आलं न्हाई, मग वळखीतलं पोरगं घेतलं म्हनं. तुला दिसली न्हाई व्हय? तू तर त्याच वाटंला राहतीस."

मी त्या फाटकावरून रोज जात होते. पाटी कोरी होती.

आणि मग मला आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना काका खुशीत होते. "आज तीन पुसल्या," म्हणाले होते आणि बोटांवर मोजून फाटकं सांगितली होती. त्यातलं दुसरं हेच.

मी तशीच घरी आले. काका ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, काकू शेजारी. मी चप्पलही काढली नाही. "त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची पाटी तुम्ही का पुसली?"

"वॉचमन म्हनला भरली."

"तो खोटं बोलला. तुमची कटकट घालवायला बोलला. जागा रिकामी होती काका, आठवडाभर रिकामी होती! मग मालकांनी कुणाच्या तरी ओळखीनं भरली. त्यांना कन्नड येणारं माणूस हवं होतं." माझा आवाज चढला होता, शेजारची खिडकी उघडली. "तुमचं फडकं माझ्या नोकरीवरनं फिरलं."

काकू "अगं, अगं" म्हणाल्या.  मांडीवरच्या शेंगा काकांनी एकेक करून सुपात ठेवल्या आणि आत गेले.

चार दिवस आम्ही बोललो नाही. मला राग होता आणि रागाची लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. फडकं चार दिवस दोरीवर वाळत पडलं होतं, कडक झालं होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "रिटायर झाल्यापास्नं ह्यांचा खिसा मी पैल्यांदा कोरडा बगितला."

पाचव्या दिवशी, सोमवारी, काका अकराच्या सुमाराला स्टँडवरनं आले ते थेट जिना चढून वर. धाप लागलेली. दारातनंच बोलायला लागले. "त्यो म्हसवडचा हाय."

"कोण?"

"तुज्या खुर्चीवर बसल्याला. बी.कॉम.च हाय, गुनी हाय. आई एकटी हाय घरी, मेंढरं हायत. शनवारी घरला पळतो, सोमवारी पैल्या गाडीनं निघतो तरी हितं पोचाय धा वाजत्यात. मालक बोलतो. आन् कन्नड येत न्हाई म्हनून शेतकरी त्याच्यावर वराडत्यात ते निराळंच. आज त्यो गाडीतनं उतरल्यावर मी त्याच्याबरुबर चालत गेलो फाटकापातूर."

"मग तो सोडेपर्यंत मी वाट बघू? मला पाडव्याला जायचंय."

"वाट कुनी बगाय सांगितली? त्याला त्याच्या फलाटावर न्हिऊन बसवायचं." मग म्हणाले, "ऐतवारी चल. तुजी जागा बगून यिऊ."

"माझी जागा कुपवाडात आहे."

"व्हय. पर ती म्हसवडवाल्याच्या बुडाखाली हाय."

हसू आलं मला. इतक्या दिवसांनी आलं.

रविवारी आम्ही दोघं म्हसवडला गेलो. काका गाडीत कधी बसत नसत, उभे राहात आणि प्रत्येक स्टँडवर उतरून वेळेचा फळा तपासून येत. कंडक्टर दोनदा खेकसला. म्हसवडला उतरल्यावर सिद्धनाथाला लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, "दर्शन परतीला. काम आदी." मग आम्ही चहाच्या गाड्यावर, खताच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, असं विचारत सुटलो, की हिशेब लिहिणारं माणूस कुणाला हवंय का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण गिरणीवाल्यानं वाट दाखवली. गावाबाहेर एका बागायतदारानं डाळिंबाचं पॅकिंग शेड घातलं होतं आणि त्याला तीन महिने माणूस मिळत नव्हतं.

हा बागायतदार चांगला आडदांड गडी. म्हणाला, "आवं, शिकल्यालं एक बी पोरगं गावात ऱ्हात न्हाई. समदी पुण्याला न्हाईतर सांगलीला."

"पाटी लावली हुती का?" काकांनी विचारलं.

"पाटी कशाला? समद्यास्नी म्हाईत हाय."

"कुनाला म्हाईत हाय?" काका एकदम तापले. "ज्याला पायजे त्यो तितं कुपवाडात बसून शिव्या खातोय. त्याची आई हितं दोन मैलांवर. आन् तुमी म्हनताय समद्यास्नी म्हाईत हाय!"

तो बागायतदार आधी बघतच राहिला, मग हसला आणि त्यानं आम्हाला डाळिंबं कापून दिली.

तिथनं आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. रविवार, म्हणून तो घरीच, मेंढरांना पाला टाकत होता. काकांनी शेडचं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. संशयानं म्हणाला, "तुमी सांगलीवरनं एवढं सांगाय आला? तुमाला काय मिळनार ह्यात?"

काका काहीतरी गोलगोल बोलणार होते. मीच म्हणाले, "मला तुझी खुर्ची मिळणार."

तो बघायला लागला. मग म्हणाला, "तुमाला कन्नड येतंय?"

"येतं."

"मग घ्या की ती खुर्ची, लवकर घ्या!" तो असा काही हसला की त्याची आई बाहेर आली. तिला त्यानं सगळं सांगितलं आणि ती माउली "रोज घरला यील व्हय त्यो?" एवढंच दोन-तीनदा विचारत राहिली.

त्यानं नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्या सकाळी, पाटी लिहायच्या आधी, काकांनी मला फाटकापाशी नेऊन उभं केलं. मालकांनी बायोडाटा बघितला, तळाची ओळ वाचली आणि काही न विचारता फोन माझ्या हातात दिला. पलीकडं अथणीचा एक शेतकरी आधीच तापलेला. मी "हेळ्री अण्णा", म्हणजे 'बोला दादा', म्हटलं आणि पुढं पाच मिनिटं त्याचं ऐकून घेतलं, दोन मिनिटं त्याला सुनावलं. मालक म्हणाले, "उद्यापासून या." पाडव्याला मी गावी गेले, पण परत यायचं तिकीट काढून.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण पुढचं माझं मलाच सांगायला हवं.

चार वर्षं गेली. लग्न झालं, मी काकांची खोली सोडली, जवळच राहायला गेले. ऑफिसात मी 'मॅडम' झाले. माणसं घेणं-काढणं माझ्याकडं आलं. आमच्या मालकांचं म्हणणं असं, की पॅकिंगच्या बायका पाहिजेत ही पाटी बारमाही असावी. जागा असो-नसो. अर्ज आलेले बरे, एखादी सोडून गेली की लगेच दुसरी बोलावता येते. मलाही ते सोयीचं वाटलं. माझ्या टेबलावर अर्जांची फाईल जाडजूड झाली. येणाऱ्या बाईला मी म्हणायची, "ठेवून जा, कळवू." कितीजणींना म्हटलं असेन, देव जाणे.

आणि ती पाटी कुणीतरी पुसायला लागलं. दोनदा झालं, तीनदा झालं. नवीन वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक म्हातारा येतोय. वल्लं फडकं घिऊन." मालक म्हणाले, "ऑइल पेंटनं करून घ्या, म्हणजे कटकट नको."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की त्या म्हाताऱ्याला मी ओळखते. पण म्हणाले नाही. पेंटर बोलावला. पांढऱ्यावर लाल अक्षरांत 'महिला कामगार पाहिजेत', खाली काळी रेघ.

आठवड्यानं काका आले. वरच्या खिडकीतनं मला दिसत होते. वॉचमनला विचारलं, तो बिचारा खरं बोलला, "जागा न्हाई." काकांनी फडकं काढलं आणि पुसायला लागले. रंग कसला निघतोय! त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, परत घासलं. नखानं बघितलं. गुडघे गेले होते त्यांचे तोपर्यंत, एक हात भिंतीला धरून पुसत होते. मी खाली उतरले. उतरेपर्यंत त्यांनी वॉचमनला विचारलंच होतं, पाटी कुणी केली, आणि त्यानं सांगितलं होतं, आमच्या मॅडमनी.

काकांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. फडकं पिळलं, पिशवीत घातलं, पिशवी खिशात. म्हणाले, "रंग बरा हाय. टिकंल." आणि गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुपारी मालकांकडं गेले, म्हटलं ती पाटी काढू. ते म्हणाले, राहू दे. मग मी विचारलं, तिच्याखाली एक छोटी काळी पाटी लावू का, खडूची? ते म्हणाले, "काय करायचं ते करा." त्या पाटीवर मी रोज सकाळी तारीख घालून लिहायला लागले, 'आज जागा नाही', नाहीतर 'आज दोन जागा'. रविवारी काकांच्या घरी जाऊन सांगितलं. काकू खूश झाल्या. काका म्हणाले, "बगंन." बास, तेवढंच. आणि दोन-तीन महिने काही ते दिसले नाहीत.

मग तो दिवस. बेदाण्याचा हंगाम जोरात, गाड्यांवर गाड्या. मी सकाळी लिहिलं होतं, 'आज एक जागा, पॅकिंग, महिला'. दुपारी भरली. त्याच वेळी विजापूरकडनं तीन ट्रक आले आणि पाटी पुसायची राहिली. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मी फाटकाशी पोचले तर पाटीखाली काका उभे. शेजारी एक बाई, डब्याची पिशवी घट्ट धरलेली.

"ही जतवरनं आलीया," काका म्हणाले. "हिच्या नणंदंनं काल सकाळी पाटी वाचून फोन केला. म्हनून ही पैल्या गाडीनं आली. मला स्टॉपवर भेटली." मग त्यांनी पाटीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. कालची. "आता काय सांगू हिला?"

"मी सांगते," मी म्हटलं.

मी तिच्याशी मराठीत सुरुवात केली, पण तिला नीट कळेना. मग मला ते कन्नडमधनं सांगावं लागलं. शेतकऱ्यांवर ओरडायला ती भाषा मला सोपी जायची. 'जागा काल भरली, मी पुसायला विसरले, तू उगाच आलीस' हे त्या भाषेत सांगताना मात्र आईला सांगितल्यासारखं झालं.  बाईनं फक्त विचारलं, परतीची गाडी किती वाजता आहे.

काका म्हणाले, "परतीची सांच्याला. चल गं बाय, पुढची फाटकं बगू." आणि दोघं निघाले, ते लंगडत पुढं, ती मागं. मी मान खाली घालून तिथंच उभी राहिले.

दुपारी फोन वाजला. काका कधी कुणाला फोन करत नसत, मला तर कधीच नाही.

"लागली," ते म्हणाले. "चौथ्या फाटकात. मसाल्याच्या कारखान्यात. उद्यापास्नं."

"बरं झालं, काका."

"पाटी पुसलीस?"

"पुसली."

"कवा?"

"लगेच. तुम्ही वळायच्या आत."

 पलीकडं मशीनचा आवाज येत होता. "मी वळून बगितलं हुतं," काका म्हणाले.

 खोटं कुणाशी बोलले मी! म्हटलं, "तुम्ही गेल्यावर पुसली, काका. दहा मिनिटांनी. मला रडू येत होतं."

"आदी पुसायची," ते म्हणाले. "मग रडायचं."